ठोक्यांच्या मधली जागा

आमच्या तांबट लेनमध्ये
हळू बोलणारा माणूस उपाशी राहायचा.
मागितलेली भाकरी तव्यापर्यंत पोचायचीच नाही.
सोळा घरांत सोळा हातोडे,
सकाळी सातपासून हंड्यांच्या बुडांवर.
म्हणून सगळे ओरडून माया करायचे,
ओरडून उधारी मागायचे,
मयताच्या घरीसुद्धा ओरडूनच हळहळायचे.

त्यात मी.
पिंगळे बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलं,
'अबोल आहे. सुधारणा हवी.'
गणितातले ब्याण्णव कुणी वाचले नाहीत.
काकू म्हणाली घुमी,
आत्या म्हणाली आतल्या गाठीची,
आणि दिगंबर, माझा धाकटा,
जो रामकुंडावर परगावच्या यात्रेकरूंना
खोटी माहिती छातीठोक सांगायचा,
त्याला म्हणायचे, पोरगा नाव काढेल.
काढलंही. गंगापूर रोडला प्लॉट विकतो.
तीच छाती, तेच ठोकणं.

बघायला आले तेव्हा मात्र
माझं गप्प बसणं
कांदेपोह्यांच्या बशीशेजारी शोभून दिसलं.
'मुलगी शांत आहे हो,' आई कौतुकानं म्हणाली,
आदल्या रात्रीपर्यंत याच गोष्टीवर रडलेली आई.
मी 'नाही' म्हणाले.
एकच शब्द. हातोडे चालू होते,
तरी सगळ्यांना ऐकू गेला.

आता अंबडला व्हॉल्व्ह तपासते.
मार्चमध्ये साहेब फॉर्म भरतात :
'काम उत्तम. मीटिंगमध्ये पुढे येत नाही.'
पुढे म्हणजे कुठे, विचारणार होते,
तोवर मीटिंग संपली.

मग फिनलंडहून आर्तो आला, मशीन बसवायला.
पहिल्याच दिवशी त्याला मिसळ खायला नेलं,
आम्ही सात जण. तो बोलेना.
साहेब हबकले. रस्सा तिखट झाला का?
ऑर्डर गेली का?
एकानं विनोद सांगितला,
दुसऱ्यानं तो समजावून सांगितला,
तिसऱ्यानं उगाच पापड मागवला.
तो घाम पुसत खात होता
आणि मला स्वच्छ दिसत होतं, माणूस खूश आहे.
मी पाव सरकवला.
त्यानं मान हलवली.
एवढ्या सविस्तर गप्पा
मी कित्येक वर्षांत मारल्या नव्हत्या.

चौथ्या दिवशी, प्रेशर चढायची वाट बघताना,
तो आपणहून बोलला.
त्यांच्या गावात शेजारी तीन किलोमीटरवर.
थंडीत आवाज जपून वापरतात, सरपणासारखा.
एक बहीण आहे, हेल्मी. तिचं जरा अवघड आहे.
म्हणजे? आजारी?
नाही. बोलते.
बसस्टॉपवर, अनोळखी माणसांशी.
लहानपणी शाळेतून चिठ्ठ्या यायच्या,
'बडबडी आहे. सुधारणा हवी.'

मी हातातला पाना खाली ठेवला.

खिडकीबाहेर बर्फ,
आणि तिकडच्या कुणी पिंगळे बाई
तशाच लाल शाईनं, तशाच निष्ठेनं,
एका पोरीत सुधारणा करताहेत.
ती आमच्या लेनमध्ये जन्मती
तर आज नगरसेवक असती.
मी तिच्या गावात जन्मले असते
तर मला काहीच म्हटलं नसतं कुणी.
काहीच न म्हणणं कसं असतं,
त्याचा मला अंदाज करता येईना.

आर्तो परत गेला. मशीन नीट चालू आहे.
हेल्मीचा नंबर मात्र मी मागून घेतला होता,
नोकरीतली माझी ती पहिली मागणी.

दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो.
तिचं इंग्रजी मोडकं, माझंही.
ती मांजराबद्दल सांगते, भाड्याबद्दल,
बसस्टॉपवरच्या एका म्हाताऱ्याबद्दल,
जो गेल्या मंगळवारी चक्क उलट बोलला.
मी 'हं' म्हणते.
चाळीस मिनिटांत सात-आठ वेळा 'हं'.
ती म्हणते, तुझ्याशी बोललं की किती मोकळं वाटतं.

आतल्या खोलीत वडील.
चाळीस वर्षं तांबं ठोकून दोन्ही कान गेलेले.
फोन कानाला लावलेली मी त्यांना दिसते
आणि ते ओरडतात,
अगं, कोणंय पलीकडे?
मोठ्यानं बोल की जरा!